ट्रामच्या इंजिनाचे दुसरे घर : हेफर्डची वीटभट्टी आणि तंजावरचा लोहमार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ट्रामवे’ या शब्दाची व्याप्ती आजच्यापेक्षा बरीच मोठी होती. मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात हा शब्द रस्त्यात बुजवलेल्या रुळांशी आणि चालकाच्या घंटेशी जोडला गेला आहे. परंतु त्या काळी मुख्य लोहमार्गापेक्षा हलके रूळ, कमी भांडवल आणि कमी वेग एवढ्यावर भागवणारा कोणताही मार्ग स्वतःला ट्रामवे म्हणवून घेऊ शकत असे. नेरळहून माथेरानला चढणारी आणि १९०७ मध्ये सुरू झालेली लहानगी गाडी ‘माथेरान स्टीम ट्रामवे कंपनी’च्या मालकीची होती, आणि आज जागतिक वारसा म्हणून मिरवणारा दार्जिलिंगचा मार्गही १८७९ मध्ये ‘दार्जिलिंग स्टीम ट्रामवे कंपनी’ या नावाने जन्माला येऊन दोन वर्षांनी ‘हिमालयन रेल्वे’ झाला. अशा मार्गांवरील वाफेची इंजिने निवृत्त झाल्यावर कोठे गेली, हा प्रश्न वरवर हौशी वाटतो. मात्र तो विचारत गेले की इंजिनाचे आयुष्य त्याच्या झिजेवर ठरत नसून त्याच्या चाकांखालच्या रुळांवर, आणि ते रूळ कोणाच्या जमिनीवर आहेत यावर ठरते, ही गोष्ट उलगडत जाते, आणि तिचा एक धागा थेट तंजावरपर्यंत पोहोचतो.

शहरी रस्त्यावरचे वाफेचे ट्राम इंजिन हे दिसायला इंजिन वाटूच नये अशा बेताने घडवलेले असे. घोडे बुजू नयेत म्हणून त्याची चाके आणि दांडे पत्र्याच्या झालरीने झाकलेले असत, धूर कमी व्हावा म्हणून दगडी कोळशाऐवजी कोक जाळत, आणि वापरलेली वाफ रस्त्यावर न सोडता छपरावरील नळ्यांत थंड करून तिचे पुन्हा पाणी करत. या नळ्यांच्या जोडणीला संघनक म्हणतात. एवढे करूनही लोक तक्रार करतच. कलकत्त्यात १८८२ मध्ये वाफेच्या ट्रामचा प्रयोग झाला आणि तो प्रयोगच राहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत एप्रिल १८८५ मध्ये वाफेची ट्राम सुरू झाली, पण तिच्या आवाजाला शहर इतके कंटाळले की पुढच्याच वर्षी तिच्या जागी घोडे आले. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने मात्र १८७९ पासून अशी शंभराहून अधिक इंजिने बाळगली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वीज आल्यावर त्यांतील अनेक विकून टाकली. नीट निगा राखलेले बाष्पक, म्हणजे ज्यात पाण्याची वाफ होते ते बंद पात्र, कित्येक दशके टिकते आणि मधूनमधून बदलताही येते. तेव्हा अशा इंजिनांची निवृत्ती ही बहुधा म्हातारपणाची नसून बदललेल्या धोरणाची असे, आणि निवृत्त इंजिन अजून पुष्कळ काम करण्याजोगे असे. खाणीच्या किंवा लाकूड-गिरणीच्या आवारात त्याची झालर आणि संघनक निरुपयोगी ठरत, पण हलके वजन, जवळजवळ बसवलेली चार चाके आणि तीव्र वळण घेण्याची क्षमता हे त्याचे गुण तेथे नेमके उपयोगी पडत.

या दुसऱ्या आयुष्याचा सर्वांत सुस्पष्ट दाखला इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात सापडतो. बकिंगहॅमचे तिसरे ड्यूक रिचर्ड टेंपल-ग्रेनव्हिल यांनी आपल्या वॉटन येथील जहागिरीतील शेतमाल मुख्य मार्गावरील क्वेन्टन रोड स्थानकापर्यंत नेता यावा म्हणून १८७१ मध्ये खासगी ट्रामवे टाकला, आणि पुढच्या वर्षी तो ब्रिल या गावापर्यंत गेला. मार्ग स्वतःच्या व राजीखुशीने दिलेल्या जमिनीवरून जात असल्यामुळे त्यासाठी पार्लमेंटचा कायदा लागला नाही, आणि तो घोड्यांसाठी आखला असल्यामुळे रूळही बेताचेच होते. वाहतूक वाढली आणि घोडे पुरेनात, तेव्हा एवढ्या हलक्या रुळांवर चालेल असे इंजिन शोधावे लागले. ते पुरवले केंटमधील रॉचेस्टरच्या एव्हलिंग अँड पोर्टर या कारखान्याने, ज्याचे नाव भारतात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रोडरोलरमुळे कित्येकांच्या नजरेखालून गेले असेल. कारखान्याचे क्रमांक ८०७ चे हे इंजिन जानेवारी १८७२ मध्ये ३९८ पौंडांना मिळाले, आणि खरे पाहता तो रुळांवर चढवलेला रस्त्यावरचा वाफेचा ट्रॅक्टरच होता: बाष्पकावर आडवे बसवलेले एकच सिलिंडर, त्याची गती एकसारखी राखणारे बाजूचे मोठे फ्लायव्हील, आणि त्या चक्रापासून चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारी साखळी. भार जेमतेम १० टन, आणि वेग एवढा की सहा मैलांना दीड तासाहून अधिक वेळ लागे. साखळ्यांच्या खडखडाटामुळे आसपासच्या लोकांनी त्याला ‘म्हातारा साखळ्या’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. त्याच वर्षी त्याच्या जोडीचे, ८४६ क्रमांकाचे, दुसरे इंजिनही आले.

पुढे नेहमीच्या घडणीची वेगवान इंजिने आल्यावर ही जोडी अडगळीत पडली आणि १८९५ मध्ये नॉर्थहँप्टनशायरमधील नेदर हेफर्ड येथील वीटभट्टीला विकली गेली. विटांच्या कारखान्यात मातीच्या खाणीपासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून मुख्य लोहमार्गाच्या साइडिंगपर्यंत, म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेल्या माल चढवण्या-उतरवण्याच्या फाट्यापर्यंत, काही थोड्या वाघिणी दिवसभर पुढेमागे करायच्या असतात. तेथे ताशी चार मैल हा वेग मुळीच उणा नसतो. दोहोंपैकी ८४६ चे सुटे भाग काढून ते ८०७ ला जोडले गेले, आणि ८०७ ने १९४० पर्यंत काम केले. ट्रामवेवर २३ वर्षे आणि वीटभट्टीवर ४५ वर्षे, असा त्याच्या आयुष्याचा हिशेब आहे. ब्रिलचा ट्रामवे स्वतः १९३५ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाला, तेव्हा त्याने चाळीस वर्षांपूर्वी हाकलून दिलेले इंजिन विटा ओढतच होते. १९५० च्या सुमारास औद्योगिक इंजिनांच्या अभ्यासकांच्या एका संस्थेने ते भंगारातून वाचवले, आणि आज ते लंडन ट्रान्सपोर्ट म्यूझियमच्या संग्रहात आहे.

वॉटनचे हेच ड्यूक नोव्हेंबर १८७५ ते डिसेंबर १८८० या काळात मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते. मद्रासच्या किनाऱ्याने जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याला त्यांचे नाव आहे आणि १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीत पडला, एवढे सामान्यतः सांगितले जाते. आपल्या जहागिरीत स्वतः हलका लोहमार्ग चालवलेला हा सरदार मद्रासेत उतरला तेव्हा इलाख्याच्या दक्षिण भागातील एक सबंध लोहमार्ग उखडून अरुंद करण्याचे काम चालू होते, आणि त्या कामाचा आरंभ तंजावरच्या मार्गावर झाला होता, ही गोष्ट मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. ड्यूकने हा निर्णय घेतला असे नव्हे; तो आधीच, वरच्या पातळीवर झालेला होता.

त्या निर्णयाची पार्श्वभूमी तंजावरच्या मराठी इतिहासाला चिकटूनच सुरू होते. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकात स्थापलेले राज्य दुसरे शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये पुत्राविना निवर्तल्यावर लॉर्ड डलहौसीच्या कारभारात खालसा झाले. आणि भारतातील लोहमार्गांच्या दोन रुळांमधील अंतर, ज्याला रेल्वेच्या भाषेत गेज म्हणतात, ५ फूट ६ इंच असावे हा निर्णयही डलहौसीच्याच काळातला होता. त्या गेजने ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वे या कंपनीने नागपट्टणम् बंदरापासून सुरुवात केली, डिसेंबर १८६१ मध्ये सुमारे ४९ मैलांवरच्या तंजावरला आगगाडी आणली आणि पुढच्या वर्षी ती तिरुच्चिरापल्लीला पोहोचवली. राज्य जाऊन अवघी सहा वर्षे झाली होती. राजवाड्यातील सरस्वती महालाची पोथ्यांची दालने आणि मोडी दफ्तर जागच्या जागी होते, आणि किल्ल्याच्या पलीकडे इंजिनाची शिटी वाजू लागली होती. १८६८ मध्ये इरोड येथे हा मार्ग मद्रास रेल्वेला मिळाला, म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातला भात वाघिणी न बदलता दूरवर जाऊ शकत होता.

याच सुमारास, काहीसे उत्तरेला, एक वेगळाच उद्योग चालला होता. लंडनमध्ये १८६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन ट्रामवे कंपनी’ने मद्रास रेल्वेवरील अरकोणम् स्थानकापासून कांचीपुरमपर्यंत सुमारे १९ मैलांचा हलका मार्ग १८६५ मध्ये सुरू केला आणि त्यासाठी ३ फूट ६ इंच हे गेज निवडले. या कंपनीने १८७० च्या सुमारास ‘कर्नाटिक रेल्वे’ असे नाव घेतले, आणि १८७४ मध्ये तिचे व तंजावरच्या ग्रेट सदर्नचे एकीकरण होऊन ‘साउथ इंडियन रेल्वे’ उभी राहिली. तंजावरवरून पुढची पाऊणशे वर्षे ज्या कंपनीच्या गाड्या धावल्या तिच्या वंशावळीत असा एक ट्रामवे आहे. नव्या कंपनीच्या पदरात दोन गेजांचा वारसा होता, आणि सरकारने काटकसरीसाठी लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० मध्ये, दुय्यम मार्गांकरिता मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर, हे तिसरेच माप ठरवले होते. त्यामुळे दोन्ही वारसे मोडीत निघाले. नागपट्टणम्–तंजावर–तिरुच्चिरापल्ली हा मार्ग १८७५ मध्ये मीटरगेज झाला, कांचीपुरमचा ट्रामवे १८७८ मध्ये आणि तिरुच्चिरापल्ली–इरोड १८७९ मध्ये. या मधल्या वर्षांतच, १८७७ मध्ये, तंजावर ते कुंभकोणम् व मायावरम् हा मीटरगेज मार्ग सुरू होऊन मद्रासची थेट वाट तयार होत गेली.

रुळांचे गेज बदलणे म्हणजे एका रुळाचे खिळे उपटून तो आत सरकवून पुन्हा ठोकणे. ते काम मजुरांच्या टोळ्या थोड्या दिवसांत उरकतात. इंजिनाचे तसे नसते. ५ फूट ६ इंचांचे इंजिन मीटरवर आणायचे तर चाकांमधील अंतर सव्वादोन फुटांनी कमी करावे लागेल, म्हणजे चौकट, सिलिंडर, अग्निपेटी सगळेच नव्याने घडवावे लागेल, आणि ते करणे म्हणजे नवे इंजिन घेणेच होय. तंजावरच्या बाजूची रुंद गेजची साधने १८७९ पर्यंत तिरुच्चिरापल्लीच्या पश्चिमेला चालू शकत होती आणि इरोडवरून मद्रास रेल्वेकडे जाऊ शकत होती, एवढाच त्यांना दरवाजा उघडा होता. कांचीपुरमच्या ट्रामवेची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, कारण तेथे फरक अवघा ६७ मिलिमीटरांचा, हाताच्या चार बोटांइतका होता. पण रुळावर चाकाची कड बसते की बसत नाही एवढेच पाहिले जात असल्यामुळे चार बोटांचा फरक आणि सव्वादोन फुटांचा फरक यांचा परिणाम सारखाच.

इंडियन ट्रामवे कंपनीला एक सख्खी म्हणावी अशी बहीण होती. त्याच १८६२ साली निघालेल्या ‘इंडियन ब्रँच रेल्वे कंपनी’ने बंगालमध्ये नलहाटी ते अझीमगंज हा २७ मैलांचा मार्ग १८६३ मध्ये टाकला आणि तिनेही चारचौघांपेक्षा निराळे, ४ फुटांचे, गेज निवडले. तिच्यासाठी पॅरिसच्या आंझुबो यांच्या कारखान्यात १८६२ मध्ये बांधलेल्या एका लहान इंजिनाला पुढे रामगती मुखर्जी या रेल्वे अधिकाऱ्याच्या नावावरून ‘रामगोटी’ म्हणू लागले. हा मार्ग १८९२ मध्ये रुंद झाला, आणि तेथे तंजावरच्या उलटा प्रकार घडला: अरुंद इंजिन रुंद करणे तुलनेने सोपे असल्यामुळे रामगोटीच्या चाकांमधील अंतर १८ इंचांनी वाढवण्यात आले आणि ते कलकत्ता महापालिकेच्या सेवेत दाखल झाले. कलकत्त्याला १८६० च्या दशकापासून शहराचा कचरा सर्क्युलर रोडच्या कडेने पूर्वेकडील धापाच्या खाजणात नेऊन टाकणारा स्वतःचा लोहमार्ग होता, आणि त्या कचऱ्याच्या खतावर तेथे भाजीपाल्याचे मळे उभे राहिले. प्रवाशांची ने-आण करण्यासाठी फ्रान्सहून आलेल्या इंजिनाने उतारवयात एका महानगराची सफाई केली आणि नंतर ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाऊन उभे राहिले. मुंबईतही कुर्ला ते चेंबूर हा फाटा १९०६ मध्ये कचऱ्याच्या गाड्यांसाठीच टाकला गेला होता, याची आज हार्बर मार्गावर लटकत जाणाऱ्या प्रवाशांना कल्पना नसावी.

ज्या मीटरगेजने तंजावरची जुनी इंजिने निरुपयोगी केली, त्या मीटरगेजच्या पहिल्या पिढीतील इंजिनांचेही एक दुसरे आयुष्य आहे, पण ते उत्तरेत घडले. शार्प स्ट्युअर्ट या ब्रिटिश कारखान्याने १८७३ मध्ये बांधलेले ‘ट्वीड’ नावाचे छोटे इंजिन बिहारमधील तिरहुत भागाच्या लोहमार्गावर चालले आणि पुढे गोरखपूरजवळच्या सराया येथील साखर कारखान्यात ऊस ओढू लागले. तंजावरचा मार्ग मीटरगेज होण्याच्या दोनच वर्षे आधी बांधलेले हे यंत्र विसाव्या शतकात खोलवर टिकले, याचे कारण ऊस. तोडलेला ऊस ठराविक महिन्यांतच येतो, लवकर गाळला नाही तर त्यातील साखर उतरते, आणि वजनाच्या मानाने तो स्वस्त. म्हणून कारखाना आपल्या दारापर्यंत रूळ आणतो, वर्षातून चार-पाच महिने ते वापरतो, आणि एवढ्या थोड्या वापरासाठी नवे इंजिन घेण्यापेक्षा रेल्वेचे मोडीत निघालेले घेणे त्याला परवडते. जळणाचाही प्रश्न नसतो, कारण गाळून उरलेले चिपाड हाताशी असते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे राज्य होते, आणि भाताला असे कारखान्याचे अंगण नको होते. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून गावच्या कोठारात आणि तेथून स्थानकावर भात बैलगाडीने जाई; भात वाळवून ठेवता येत असल्याने घाई नसे, आणि पुढे ज्या गिरण्या आल्या त्यांनाही आवारात स्वतःचे रूळ आणि इंजिन बाळगावे लागत नसे. तंजावरात लोहमार्गाची हौस कमी होती असे मात्र मुळीच नाही. तंजावर जिल्हा बोर्डाने शेतजमिनीवर रुपयामागे ३ पैंचा खास उपकर, म्हणजे नेहमीच्या सारापट्टीवर बसवलेली जादा आकारणी, गोळा करून त्या पैशांतून मायावरम् ते मुत्तुपेट्टै हा ५४ मैलांचा मार्ग १८९४ मध्ये सुरू केला आणि १९०३ पर्यंत तो अरंतांगीपर्यंत नेला. ज्या मिरासदारांनी, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्या शेतमालकांनी, हा पैसा भरला त्यांचा हा मार्ग, एका अर्थाने, लोकवर्गणीचा ट्रामवेच होता. पण तो चालवायला दिला साउथ इंडियन रेल्वेला, तोही मीटरगेजने, आणि त्यामुळे त्यावर वेगळ्या जातीची, उद्या निराधार होतील अशी इंजिने कधी आलीच नाहीत. कंटाळवाणा वाटणारा हा शहाणपणा इंडियन ट्रामवेच्या साडेतीन फुटी हट्टापेक्षा फार स्वस्त पडला.

गेजच्या या प्रश्नाशी तंजावरच्या एका मराठी मुत्सद्द्याचाही, दूरच्या मुलखात, संबंध आला. कुंभकोणम् येथे १८२८ मध्ये जन्मलेले आणि तंजावरी देशस्थ घराण्यातील सर टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूरनंतर १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. बडोदे संस्थानात मियागाम ते डभोई हा अडीच फुटी मार्ग १८६२ पासून होता आणि त्यावर बैल गाड्या ओढत. पुढे इंजिने आणली, पण हलके रूळ त्यांचा भार सोसत नसल्याने त्यांना नेमाने चालवता येईना. माधवरावांच्या दिवाणगिरीत, १८८० मध्ये, दणकट रूळ बसल्यावरच इंजिने नियमित धावू लागली. येथे निवृत्त झाले ते बैल, आणि त्यांच्यासाठी शेती हे दुसरे घर शोधावे लागले नाही.

अडीच फुटांहून अरुंद मार्गांचे भाग्य गेजच्याच कारणाने उजळले. दार्जिलिंगच्या दोन फुटी मार्गासाठी १८८९ पासून बांधलेल्या चार चाकी इंजिनांपैकी काही आसामातील मार्गेरिटाजवळच्या टिपोंग कोळसा खाणीत गेली, कारण खाणीचे रूळही दोन फुटीच होते आणि एक इंचही बदल करावा लागला नाही. ज्या कंपनीने ट्रामवे म्हणून कागदावर जन्म घेतला तिची इंजिने अखेर कोळशाच्या वाघिणी ओढायला गेली, आणि तोच कोळसा स्वतः जाळून ती काम करत राहिली.

तंजावर जिल्ह्यात इंजिनांची खरी शुश्रूषा होत असे ती नागपट्टणम्‌च्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. १९२० च्या दशकाच्या अखेरीस साउथ इंडियन रेल्वेने हे काम तिरुच्चिरापल्लीजवळील पोन्मलै, म्हणजे गोल्डन रॉक, येथील नव्या विस्तीर्ण कारखान्यात हलवले. स्थलांतर आणि नोकरकपात यांवरून १९२८ मध्ये या रेल्वेवर मोठा संप झाला, आणि तो मोडून काढण्यात आला. मोडीत निघालेल्या इंजिनाला निदान भंगाराचा भाव तरी असतो. पुढे डिझेल आले, आणि १९९२ मध्ये सुरू झालेल्या एकसमान गेज योजनेनुसार मीटरगेजचे मार्ग एकामागून एक रुंद होत गेले. तिरुच्चिरापल्लीकडून तंजावरपर्यंतचा भाग १९९० च्या दशकात आणि कुंभकोणम्–मायावरम् बाजू त्यानंतरच्या दशकात ५ फूट ६ इंचांवर आली. १८७५ मध्ये जे माप तंजावरहून काढून टाकले होते तेच, सव्वाशे वर्षांनी, त्याच मातीच्या भरावांवर परत बसले, आणि या वेळी निवृत्त होण्याची पाळी मीटरगेजच्या इंजिनांची होती.